माझे असणे आणि माझे देणे

वार्षिक उत्सवाची समाप्ती झाली, पालखी मंदिरात परतली आणि मंडपात आभाराची भाषणे सुरू झाली, म्हणजे एक वाक्य हमखास कानी पडते : आपण समाजाचे काही देणे लागतो. हे वाक्य इतके अंगवळणी पडलेले आहे, की बोलणाऱ्यास त्याचा अर्थ सांगावा लागत नाही आणि ऐकणाऱ्यास तो विचारावासा वाटत नाही. परंतु समजा, एखादा चिकित्सक गृहस्थ मध्येच उभा राहिला आणि म्हणाला, "महाशय, हे कर्ज आपण काढले केव्हा? कोणाकडून? किती? आणि त्याचा कागद कोठे आहे?" तर वक्ता खचित गोंधळून जाईल. कारण कर्ज काढल्यावाचून देणे कसले? आणि तरीही, प्रामाणिकपणे पाहिले तर, ते वाक्य आपल्याला खोटे वाटत नाही. कागद नाही हे खरे. देणे आहे हेही खरे. या दोन खरेपणांचा मेळ कसा घालावयाचा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

त्या प्रश्नाकडे मी जरा दूरच्या वाटेने जाणार आहे. ही वाट एका क्रियापदाच्या कुळकथेतून जाते. ते क्रियापद आपले नव्हे. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी उत्तर युरोपात, आजच्या डेन्मार्कच्या, दक्षिण स्कँडिनेव्हियाच्या आणि उत्तर जर्मनीच्या प्रदेशात जे लोक राहत होते, त्यांच्या बोलीतील ते आहे. तिला भाषाशास्त्रज्ञ आदिजर्मानिक म्हणतात. तिच्यातील एकही ग्रंथ आपल्यापाशी नाही. तिच्या लेकी व नाती यांच्या चेहऱ्यांवरून आजीचा चेहरा पंडितांनी काढलेला आहे. म्हणूनच अशा शब्दाच्या आधी एक तारा काढण्याची चाल आहे. तारा म्हणजे कबुली : हा शब्द कोणी लिहिलेला पाहिला नाही, अनुमानाने मांडला आहे. ज्ञानाच्या व्यवहारातील ही प्रांजळ खूण मला फार आवडते.

तर ते ताऱ्याचे क्रियापद आहे ‘*आइगनं’. अर्थ : स्वामी असणे, बाळगणे, स्वतःचे म्हणून असणे. त्याच्याही मागे गेले, की इंडो-युरोपीय मूळभाषेतील एक धातू लागतो आणि तेथे आपल्या घरचे माणूस भेटते. आपल्या संस्कृतातील ‘ईश्’ हा धातू त्याच मुळाचा. ‘ईष्टे’ म्हणजे सत्ता चालवतो, स्वामी आहे. ईश, ईशान, ईश्वर, ऐश्वर्य, गणेश, महेश आणि जिच्या कोपऱ्यात आपण देव्हारा मांडतो ती ईशान्य दिशा, ही सारी त्या कुळातील मंडळी. इंग्रज आपल्या घराला स्वतःचे म्हणताना जो ‘ओन’ शब्द वापरतो, तोही त्याच कुळातला.

हे नाते केवळ ध्वनींच्या साम्यावर बसवलेले नाही. साम्य तर येथे दिसतही नाही. ते नियमांवर बसवलेले आहे. आपला तालव्य ‘श्’ जेथे येतो, तेथे जर्मानिक भाषांत बहुधा ‘ह्’ येतो : आपले दश, तर गॉथिक भाषेतले ‘ताइहुन’. त्याच न्यायाने आपला ईश्, तर गॉथिक ‘आइह्’, म्हणजे ‘माझ्यापाशी आहे’. परंतु त्याच क्रियापदाच्या अनेकवचनात ‘ह्’ जाऊन ‘ग’ येतो : ‘आइगुम’. हा बदल का, हे कोडे बराच काळ सुटले नव्हते. ते १८७५ साली कार्ल व्हेर्नर या डॅनिश पंडिताने सोडवले, आणि त्याला किल्ली सापडली ती वेदांच्या स्वरांत. पितृ शब्दात उदात्त स्वर शेवटी, भ्रातृ शब्दात तो आरंभी. आणि नेमके याच दोन शब्दांच्या गॉथिक भावंडांत मधले व्यंजन वेगवेगळे झालेले. वैदिक ‘वेद’ या रूपात स्वर धातूवर, ‘विद्म’ यात तो प्रत्ययावर. आणि ‘आइह्’ व ‘आइगुम’ यांतील भेद त्याच रेषेवर पडतो. उत्तर समुद्राकाठी जो स्वर कित्येक शतकांपूर्वी लोपला होता, त्याची साक्ष गोदातीरी आणि कावेरीतीरी पाठ म्हणणाऱ्या वैदिकांच्या कंठांत शाबूत होती. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. लेखाच्या शेवटी तिचे काम पडणार आहे.

या क्रियापदाची आणखी एक विशेषता आहे. ते दिसते वर्तमानकाळी, पण त्याची घडण भूतकाळाची, व्याकरणाच्या भाषेत परोक्षभूताची आहे. आपल्या ‘वेद’ या रूपाचीही तीच गत : अर्थ ‘जाणतो’, घडण मात्र ‘पाहून झाले आहे’ अशी. पूर्वी काही घडले, त्याचा परिणाम म्हणून आज एक स्थिती आहे, असा या रूपांचा भाव. वैदिक भाषेत ‘ईष्टे’च्या जोडीला ‘ईशे’ असेही रूप येते, आणि तेही मुळात परोक्षभूताचेच असावे, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. म्हणजे या धातूच्या अगदी गाभ्यात हे दडलेले आहे, की स्वामित्व हा आजचा आरंभ नव्हे. ‘माझे आहे’ या वाक्याच्या मागे नेहमी एक न उच्चारलेले वाक्य असते : काहीतरी आधी घडले आहे, म्हणून माझे आहे.

आता वंशविस्तार पाहू. आइसलंडात ते क्रियापद ‘एइगा’ म्हणून आजही ‘मालकीचे असणे’ या अर्थी नांदते. जर्मन भाषेत क्रियापद मागे पडले, पण त्यापासून झालेले ‘आयगेन’, म्हणजे ‘स्वतःचे’, हे विशेषण राहिले आणि फोफावले. मालमत्तेला तेथे ‘आयगेनटूम’ म्हणतात आणि वस्तूच्या गुणधर्माला ‘आयगेनशाफ्ट’. म्हणजे जे दुसऱ्याला देऊन टाकता येते तेही स्वतःचे, आणि जे कधीच देऊन टाकता येत नाही तेही स्वतःचे. परंतु सर्वांत विलक्षण भाग्य या शब्दाला लाभले ते इंग्लंडात. प्राचीन इंग्रजीत ते क्रियापद ‘आगन’ असे होते. त्याच्या धातुसाधित विशेषणापासून ‘ओन’ झाले : स्वतःचे. खुद्द क्रियापदापासून ‘ओ’ झाले : देणे लागणे. आणि त्याच्या भूतकाळी रूपापासून ‘ऑट’ झाले : करावयास हवे, करणे उचित आहे. मालकी, कर्ज आणि कर्तव्य या तीन कल्पना तेथे एकाच मातेच्या उदरी जन्मल्या. ‘ऑट’ लिहिताना इंग्रज मध्ये दोन अक्षरे घालतो आणि ती उच्चारीत नाही. ती मुकी अक्षरे म्हणजे त्या जुन्या ‘ह्’ची समाधी होय.

स्वामी असणे या अर्थाचा शब्द देणेकरी असणे या अर्थावर कसा गेला? ही उडी नव्हे, पायऱ्या दिसतात. लिंडिसफार्नच्या मठातील लॅटिन शुभवर्तमानांच्या सुंदर पोथीवर दहाव्या शतकात आल्ड्रेड नावाच्या धर्मोपदेशकाने शब्दाशब्दावर आपल्या उत्तरी इंग्रजीत अर्थ लिहून ठेवले. ‘देणे लागणे’ अशा अर्थाच्या लॅटिन क्रियापदासाठी तो एक पदबंध वापरतो, त्याचा अर्थ ‘फेडण्यासाठी बाळगणे’. आपणही म्हणतोच ना : ‘माझ्याकडे त्याचे शंभर रुपये आहेत.’ वस्तू माझ्याकडे आहे, हे वाक्य एका श्वासात मालकी सांगते आणि दुसऱ्या श्वासात देणे सांगते. पुढे त्या पदबंधातील ‘फेडण्यासाठी’ हा भाग गळून गेला आणि ‘बाळगणे’ या एकट्या शब्दानेच ‘देणे लागणे’ हा अर्थ वाहिला. जुना अर्थ मात्र लगेच मेला नाही. शेक्सपिअरच्या काळीही ‘ओ’ हे क्रियापद मालकीच्या अर्थी आढळते. १६११ सालच्या इंग्रजी बायबलात मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील त्या सेवकाच्या कथेत ‘ऑट’ हा शब्द निखळ ‘देणे लागत होता’ या अर्थी छापलेला होता. ती कथा गोव्यातील वाचकांना शेजाऱ्यांकडून ठाऊक असेल. धन्याने एका सेवकाचे डोंगराएवढे कर्ज माफ केले. आणि तोच सेवक बाहेर पडून, आपले किरकोळ पैसे लागणाऱ्या सोबत्याचा गळा धरता झाला. आपल्यापाशी जे आहे ते कसे आले, याचा विसर पडलेल्या मनुष्याचे इतके नेमके चित्र मी क्वचितच पाहिले आहे.

हिंदुस्थानात हा धातू दुसऱ्याच दिशेने वाढला. ऋग्वेदात ‘ईशान’ हे देवांचे विशेषण आहे आणि धनाचा स्वामी, गोधनाचा स्वामी अशा षष्ठीच्या प्रयोगात ते येते. पाणिनीने या धातूच्या कर्माला षष्ठी सांगितली (२.३.५२), स्वामी, ईश्वर, अधिपती अशा शब्दांच्या योगाने षष्ठी आणि सप्तमी दोन्ही चालतात, असेही सांगितले (२.३.३९). म्हणजे ‘गाईंचा स्वामी’ हेही शुद्ध आणि ‘गाईंमधला स्वामी’ हेही शुद्ध. पहिल्यात स्वामी वस्तूच्या वर उभा आहे. दुसऱ्यात तो तिच्यामध्ये उभा आहे. ब्राह्मणग्रंथांच्या गद्यात ‘ईश्वर’ शब्दाचा आणखी एक प्रयोग आढळतो, ज्यासाठी पाणिनीने वेगळे सूत्र केले (३.४.१३) : तेथे क्रियावाचक रूपाशी जोडून ‘ईश्वर’ म्हणजे ‘तसे करण्यास समर्थ’, ‘तसे होण्याचा संभव असलेला’. एकाच बीजातून आपल्याकडे ‘करू शकतो’ हा अर्थ उगवला आणि इंग्लंडात ‘करावयास हवे’ हा. सामर्थ्य एकीकडे, कर्तव्य दुसरीकडे. आणि आपल्या मराठीत तर ऐश्वर्य म्हणजे चक्क श्रीमंती. देवाचा धर्म सांगणारा शब्द सोन्याच्या कड्यांवर येऊन थांबला!

येथे मला वाचकांस आणि स्वतःसही एक धोक्याची सूचना दिली पाहिजे. शब्दाचे कूळ हा सिद्धान्ताचा पुरावा नव्हे. इंग्रजीत मालकीतून कर्तव्य निघाले, म्हणून तर्कातही ते निघते असे कोणी म्हणेल, तर तो शब्दांच्या सावलीला वस्तू समजला. डेव्हिड ह्यूमने १७४० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथभागात बजावलेच आहे, की ‘आहे’ अशी कितीही विधाने एकावर एक रचली, तरी त्यांतून ‘हवे’ हे विधान आपोआप निघत नाही. गंमत अशी, की ज्या ‘ऑट’ शब्दाने त्याने हे सांगितले, तो शब्द स्वतःच एका ‘आहे’मधून निघालेला होता. पण त्याने ह्यूमचे खंडन होत नाही. शिवाय त्याच कुळातील जर्मन लोकांनी कर्तव्याचा शब्द अगदी निराळ्या धातूपासून घेतला. त्या धातूचा मूळ अर्थच कर्ज लागणे असा होता, आणि त्यापासून झालेला ‘शुल्ड’ हा जर्मन शब्द आजही कर्ज आणि अपराध असे दोन्ही अर्थ वाहतो. आपल्या मराठीत कर्तव्य सांगणारे ‘पाहिजे’ हे तर जुन्या कर्मणि रूपाचा अवशेष आहे : जे पाहिले जाते, ज्याची वाट पाहिली जाते, ते पाहिजे. तेव्हा भाषा पुरावा देत नाहीत. त्या साक्ष देतात. आणि साक्ष ऐकून निवाडा आपण करावयाचा असतो.

निवाड्याचा प्रश्न असा : एखादी वस्तू ‘माझी’ असणे म्हणजे काय? एक उत्तर रोखठोक आहे. ज्या वस्तूचा मी माझ्या इच्छेप्रमाणे विनियोग करू शकतो, ती माझी. हे उत्तर पाश्चात्त्यांचेच आहे असे समजू नये. मीमांसासूत्रांचे भाष्यकार शबरस्वामी यांनी नवव्या अध्यायाच्या आरंभीच्या देवताधिकरणात स्वामित्वाचे हेच लक्षण दिले आहे, आणि त्यावरून जो निष्कर्ष काढला आहे, तो देवळाशी संबंध असलेल्या प्रत्येकाने एकदा तरी शांतपणे वाचावा. ते म्हणतात, की ‘देवाचे गाव’, ‘देवाचे शेत’ ही केवळ बोलण्याची रीत आहे; कारण देवता त्या गावाचा आपल्या इच्छेप्रमाणे विनियोग करताना दिसत नाही. देवतेच्या उद्देशाने जे सोडून दिलेले असते, त्यावर निर्वाह चालतो तो देवतेच्या परिचारकांचा. इतके स्वच्छ आणि इतके बोचरे निरीक्षण एखाद्या नास्तिकाने केले असते, तर आपण रागावलो असतो. येथे तर ते वैदिक कर्मकांडाच्या आधारस्तंभाने केले आहे.

पुढील काळात व्यवहाराने शबरस्वामींचे ऐकले नाही. देव जमिनीचा मालक असतो, हे दानपत्रे सांगत राहिली आणि अखेर न्यायालयांनीही ते मान्य केले. प्रिव्ही कौन्सिलने १९२५ सालच्या प्रसिद्ध मल्लिक खटल्यात हिंदूंच्या देवमूर्तीला कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती मानले आणि मूर्ती कोठे असावी याबाबत तिच्या इच्छेचाही मान राखला पाहिजे, असे म्हटले. पण देवाला सही करता येत नाही. म्हणून त्याच्या वतीने कोणाचा तरी हात लागतो. त्या हाताचे स्थान काय? आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली सेवाइतपणाविषयी सांगितले, की त्यात पद आणि मालमत्ता ही दोन्ही एकत्र मिसळलेली असतात. गोव्यात पोर्तुगीज अमदानीतील १९३३ सालच्या देवस्थान नियमावलीने महाजनांच्या संस्थेला जी मान्यता दिली, तिच्याभोवतीही हाच प्रश्न आजवर घोटाळतो आहे. महाजन हा देवळाचा कोण? ज्याचे देऊळ आहे तो, की जो देवळाचे देणे लागतो तो?

माझे मत असे, की शबरस्वामींचे लक्षण आणि न्यायालयांचे निर्णय यांत जो विरोध दिसतो, त्यातूनच खरे उत्तर हाती येते. इच्छेप्रमाणे विनियोग हेच जर स्वामित्व, तर देव स्वामी नाही. पण मग मनुष्य तरी कोठे आहे? ज्या शेताला मी माझे म्हणतो त्याची माती मी केली नाही, त्यातील बियाणे मी निर्माण केले नाही, ते कसण्याची विद्या मला दुसऱ्यांनी दिली, ते माझे आहे हे ठरवणारा कायदा इतरांच्या संमतीवर उभा आहे, आणि मृत्यूच्या दिवशी ते मी जसे सोडीन तसे ते राहील. मला जो हक्क आहे तो खरा आहे. मी तो नाकारीत नाही. श्रमाचे फळ श्रमणाऱ्याचेच. पण तो हक्क हे निम्मे पद आहे. सेवाइताविषयी न्यायालयाने जे सांगितले, ते कमीअधिक प्रमाणात प्रत्येक धन्याविषयी खरे आहे. शुक्ल यजुर्वेदाच्या चाळिसाव्या अध्यायात, ज्याला आपण ईशोपनिषद म्हणतो, त्याच्या पहिल्याच मंत्रात हा विचार आहे; आणि त्याचा पहिला शब्द आपल्या या धातूचाच आहे. चराचराला स्वामी एकच, म्हणून मनुष्याने त्यागपूर्वक भोग घ्यावा आणि दुसऱ्याच्या धनाची लालसा धरू नये, असा त्याचा आशय. त्रावणकोरच्या महाराजांनी १२ नोव्हेंबर १९३६ रोजी सर्व हिंदूंना मंदिरे खुली केली. त्यानंतर जानेवारी १९३७ मध्ये गांधीजी त्या प्रदेशात हिंडले, तेव्हा त्यांनी हिंदुधर्माचे सार म्हणून गावोगावच्या सभांपुढे हाच मंत्र ठेवला. त्यांच्या विश्वस्तवृत्तीच्या कल्पनेला येथे आधार सापडला. मंदिराची दारे उघडण्याचा प्रसंग आणि स्वामित्वाचा मंत्र यांची गाठ पडली, हा निव्वळ योगायोग नव्हता.

परंतु एक गंभीर आक्षेप उरतो आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ऋणाची भाषा ही निरुपद्रवी भाषा नव्हे. तैत्तिरीय संहितेत सांगितले आहे, की ब्राह्मण जन्मतःच तीन ऋणे घेऊन येतो, ऋषींचे, देवांचे व पितरांचे. शतपथ ब्राह्मणाने माणसांचे चौथे ऋण जोडले आणि ते कोणा एका वर्णापुरते ठेवले नाही. उदात्त कल्पना! पण याच देशात बापाच्या चार पायली धान्याच्या कर्जापायी मुलगा आणि नातू सावकाराच्या शेतावर जन्मभर राबले. त्यांनाही ‘तुम्ही देणे लागता’ असेच सांगण्यात येत होते. ती वेठबिगारी कायद्याने रद्द व्हावयास १९७६ साल उजाडावे लागले. नीत्शेने १८८७ साली जर्मन ‘शुल्ड’ शब्दावर बोट ठेवून म्हटले, की अपराधाची भावना म्हणजे धनकोच्या क्रौर्याची आठवण होय. त्याचे म्हणणे सर्वस्वी पटण्याजोगे नाही; पण ज्याने वेठबिगाराचा वाकलेला पाठीचा कणा पाहिला आहे, त्याला ते हसण्यावारी नेता येणार नाही.

मग खऱ्या ऋणात आणि फासात भेद कोणता? मला तीन खुणा दिसतात. पहिली खूण आपल्या त्या परक्या क्रियापदानेच दाखवली आहे. तेथे क्रम असा आहे : आधी असणे, मग देणे. ज्याच्यापाशी आहे, तो देणे लागतो. ज्याला काही मिळालेच नाही, त्याच्या गळ्यात देणे अडकवणे हा त्या शब्दाचाही द्रोह आहे आणि नीतीचाही. दुसरी खूण ऋणकल्पनेत आहे. ऋषी, देव, पितर यांतील कोणीही वसुलीला दारी येत नाही. जे वसूल करावयाचा अधिकार दुसऱ्या माणसाला आहे ते कर्ज. ज्याची वसुली कोणीच करू शकत नाही आणि तरी जे आतून टोचते ते ऋण. म्हणून कोणीही दुसऱ्याकडे बोट दाखवून ‘तू ऋणी आहेस’ असे म्हणू नये. हे वाक्य प्रथमपुरुषीच शोभते. तिसरी खूण सर्वांत महत्त्वाची. कर्ज मागे फेडावयाचे असते, ऋण पुढे. ऋषींचे ऋण ऋषींना परत करता येत नाही. ते शिष्याला शिकवून फिटते. पितरांचे ऋण पितरांच्या हाती नव्हे, लेकरांच्या हाती पडते. येथे हिशेब बंद होत नाही. तो केवळ पुढच्या पानावर ओढला जातो.

लेखाच्या आरंभी मी वैदिकांच्या स्वरांची गोष्ट ध्यानात ठेवावयास सांगितली होती. उदात्त कोठे आणि अनुदात्त कोठे, हे पिढ्यान्‌पिढ्या कंठात जपणाऱ्या त्या पाठकांना उत्तर समुद्राकाठच्या भाषांचे नावही ठाऊक नव्हते. व्हेर्नरसाठी त्यांनी काही केले नाही. त्यांना जे मिळाले ते त्यांनी बिघडू न देता पुढे दिले, एवढेच. आणि तेवढ्याने एका परक्या विद्वानाला त्याच्या स्वतःच्या मातृभाषेचे कोडे सुटले. व्हेर्नर त्यांचे देणे लागत होता काय? निश्चित लागत होता. ते त्याने फेडले काय? त्यांना नाही, आपल्यासारख्या वाचणाऱ्यांना त्याने ते दिले. मात्र या गोष्टीला दुसरी बाजू आहे आणि ती झाकून ठेवणे बरे नव्हे. तेच स्वर ऐकण्यासही आपल्याच समाजातील असंख्यांना शतकानुशतके मनाई होती. जपले ते धन्य. अडवले ते ऋण न फेडलेले. ज्या ठेव्याला आपण ‘आमचा’ म्हणून कुलूप घालतो, त्याचे आपण स्वामी होत नाही, थकबाकीदार होतो.

मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांस खुले व्हावे म्हणून प्राण पणाला लावले. ‘देऊळ आमचे आहे’ असे त्या वेळी विरोधकही म्हणत होते आणि गुरुजीही तेच म्हणत होते. शब्द एकच. विरोधकांच्या तोंडी त्याचा अर्थ होता : आमचे आहे, म्हणून कोणाला आत घ्यावयाचे ते आम्ही ठरवू. गुरुजींच्या तोंडी अर्थ होता : आमचे आहे, म्हणून बाहेर उभ्या असलेल्यांचे आम्ही देणे लागतो. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या क्रियापदाने जो प्रवास केला, तो गुरुजींनी दहा-अकरा दिवसांच्या उपवासात केला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

आता त्या चिकित्सक गृहस्थाच्या प्रश्नाकडे वळू. कर्जाचा कागद कोठे आहे? उत्तर असे, की कागद वेगळा नाही. जी जी वस्तू मी माझी म्हणून दाखवू शकतो, तीच तो कागद. माझे घर, माझी विद्या, माझे देऊळ, आणि घरापासून दूर बडोद्यास, इंदुरास, बेळगावास किंवा हैदराबादेस जिच्यात आपण अजून देवाला हाक मारतो ती माझी भाषा. या प्रत्येकाच्या पाठीवर देणे लिहिलेले आहे. मराठीत ‘देणे’ हा शब्द मोठा शहाणा आहे. तो क्रियापद म्हणून दान सांगतो आणि नाम म्हणून कर्ज सांगतो. जे मी आपखुशीने देतो तेही देणे, आणि जे मी लागतो तेही देणे. इंग्रजीला तेथवर पोहोचण्यासाठी एका धातूची तीन शकले करावी लागली. आपल्या आजीबाईंच्या तोंडी ते एका शब्दात होते. फक्त तो शब्द मंडपातील भाषणात उच्चारताना एवढे करावे : ‘आपण देणे लागतो’ असे न म्हणता ‘मी देणे लागतो’ असे म्हणून पाहावे. जीभ किंचित अडखळेल. त्या अडखळण्यातच कर्तव्याचा आरंभ आहे.